फोटो छान आला, पण तो पुरावा राहिला का? दापोड्यात तपासलेली कॅमेरा ॲप्स

"फील्डवर्कसाठी कोणतं फोटो ॲप चांगलं?" हा प्रश्न पीएचडीच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींकडून हमखास येतो. यातला 'चांगलं' हा शब्द जरा तपासून घ्या. इन्स्टाग्रामसाठी चांगलं ॲप फोटो देखणा करतं. प्रबंधासाठी चांगलं ॲप कोणतं? ज्याने फोटोला काय केलं हे तुम्ही परीक्षकाला सांगू शकता, आणि ज्यातून मूळ फोटो जसाच्या तसा परत मिळतो, ते. या दोन कसोट्यांवर मी काही ॲप्स घासून पाहिली. सगळी ओळखीचीच आहेत, तुमच्याही फोनमध्ये असतील.

तपासणीची जागा भिवंडीजवळचं दापोडे. मुंबई-नाशिक महामार्गापासून जवळ, मानकोलीच्या पट्ट्यातलं हे गाव. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण बंदराला आणि शहराला जवळ, म्हणून या भागात गोदामं उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. माझा अभ्यास याच बदलाचा: भातशेती कुठे संपते, भराव कुठे सुरू होतो, पावसाचं पाणी कुठून वाट काढतं, कामगारांच्या खोल्या कुठे आहेत. म्हणजे गवताचा रंग, नाल्याच्या पाण्याचा रंग, भिंतीवरची ओल, शटरवरचा पुसट झालेला बोर्ड हाच माझा डेटा. तुमचा विषय वेगळा असेल, पण फोटो वापरणार असाल तर अडचणी याच येणार.

१. फोनचा स्वतःचा कॅमेरा

आजचा फोन एका क्लिकमध्ये बहुधा अनेक फ्रेम घेतो, त्या एकत्र करतो, सावली उजळवतो, दाणेदारपणा पुसतो आणि कडा धारदार करतो. गवत जास्त हिरवं, आभाळ जास्त निळं होतं. लग्नाच्या फोटोत हे हवंच असतं. पण "जुलैत या नाल्याचं पाणी मातकट होतं" असं लिहायचं असेल, तर तो रंग नाल्याचा की फोनचा?

२०२३ च्या मार्चमध्ये एका रेडिटकराने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्या धूसर चंद्रावर खड्डे-डाग रंगवून दिले. समोर नसलेला तपशील फोटोत आला. बोर्डवरच्या पुसट अक्षरांचं असंच झालं तर काय, याचा विचार करा.

अँड्रॉइडवर याला पर्याय म्हणून 'ओपन कॅमेरा' वापरून पाहा. फुकट, जाहिराती नाहीत, मुक्त स्रोत. फोन साथ देत असेल तर दाणेदारपणा पुसणं आणि कडा धारदार करणं यात बंद करता येतं, कच्ची रॉ फाइल मिळते, फाइलच्या नावापुढे आपलं चिन्ह लावता येतं. गोदामाच्या आत एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होऊ शकतो. शटरचा वेग हाताने १/१०० किंवा १/५० ठेवला की पट्टे बहुतेक जातात.

तोटे? दिसायला ओबडधोबड, सेटिंगचं जंगल, आणि अंधारातले फोटो फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यापेक्षा स्पष्ट खराब. पण ही खराबी प्रामाणिक आहे. शेडच्या आत अंधार होता, तर तो फोटोतही दिसू द्या. आयफोनवर 'हॅलाइड'मध्ये २०२४ पासून 'प्रोसेस झीरो' नावाची सोय आहे, कल्पना हीच, फक्त पैसे मोजावे लागतात.

२. शिक्का मारणारी ॲप्स

'जीपीएस मॅप कॅमेरा'सारखी ॲप्स फोटोच्या खाली तारीख, अक्षांश-रेखांश, पत्ता आणि छोटा नकाशा छापतात. सरकारी कामात सवयीचं झाल्यामुळे असा फोटो 'अधिकृत' वाटतो. माझं मत स्पष्ट आहे: संशोधनासाठी हा शिक्का नको.

पहिलं कारण, तो फोटोचाच एक भाग झाकून टाकतो. दुसरं, पत्ता कॅमेऱ्याला माहीत नसतो. तो नकाशा-सेवेने आकड्यांवरून लावलेला अंदाज असतो. दापोडे, वळ, मानकोली अशी गावं एकमेकांना लागून असताना शिक्क्यावरचं गावाचं नाव पुरावा म्हणून धरता येत नाही. पत्र्याच्या शेडखाली तर जीपीएसचे आकडेच सरकतात. तिसरं, अशा काही ॲप्समध्ये ठिकाण हाताने बदलता येतं.

आणि शिक्का खरा असला तरी फोटो खरा ठरत नाही. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस या ॲपवरून ठिकाणासकट फोटोंनी हजेरी सक्तीची झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो, अगदी फोटोचेच फोटो, चढवले जातायत. आपल्या राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचा फोटो चढवतो. तो फोटो सातबाऱ्यावरच्या नोंदीला आधार देतो, कारण त्याच्या मागे गट नंबर आहे, खातेदार आहे, पडताळणी आहे. शिक्का एकटा पुरत नाही, त्याच्या मागची नोंद लागते.

तुमची नोंद म्हणजे वही. फाइलचं नाव, वेळ, उभं राहिल्याची जागा, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, एवढं लिहा. ठिकाणाचे आकडे फाइलच्या आत, म्हणजे एक्झिफमध्ये राहू द्या. चित्रावर नकोत.

३. एडिटिंग

'स्नॅपसीड' गुगलचं, फुकट, आणि खरंच उत्तम. काम चालू असताना केलेल्या बदलांची यादी उघडता येते, एखादी पायरी मागे जाऊन बदलता येते. संशोधकाला हवी असलेली ही सोय आहे. ती यादी वहीत उतरवून घ्या.

पण यात एक सापळा आहे. तिरका आलेला फोटो सरळ करण्यासाठी 'पर्स्पेक्टिव्ह' वापरलं की कोपरे रिकामे होतात, आणि 'स्मार्ट' पर्यायात ॲप ते कोपरे शेजारच्या चित्रावरून स्वतः भरतं. म्हणजे भिंतीचा नसलेला तुकडा तयार होतो. तिथे पांढरा किंवा काळा पर्याय निवडा, कोपरा रिकामाच दिसू द्या. 'हीलिंग' आणि गुगल फोटोजमधलं 'मॅजिक इरेजर' यांना तर फील्डच्या फोटोवर हातच लावू नका. फ्रेममध्ये मध्येच आलेली विजेची तार तुम्हाला आज कचरा वाटते. उद्या गाइड विचारतील, "या वस्तीला वीज कुठून येते?"

चालेल काय आणि नाही काय, याचा नियम जीवशास्त्रवाल्यांनी आधीच घालून दिलाय. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'त २००४ मध्ये रॉसनर आणि यामादा यांनी मांडलेला मुद्दा सोपा आहे: उजेड-छटा पूर्ण चित्रावर सारख्या बदलल्या आणि त्यात काही दडलं नाही, तर चालतं. चित्राचा एकच भाग खोडणं, वाढवणं, हलवणं चालत नाही. समाजशास्त्रात, भूगोलात हा नियम कोणी विचारत नाही. म्हणून आपणच पाळायचा.

४. पाठवणं आणि साठवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो, दाबला जातो, आणि त्यातली ठिकाण-वेळेची माहिती निघून जाते. २०२३ मध्ये आलेल्या 'एचडी'ने बोर्ड वाचता येतो, पण ती फाइलही मूळ नव्हे. मूळ हवी तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

गुगल फोटोज शोधायला अप्रतिम. पण १ जून २०२१ पासून फुकट साठवण १५ जीबीच्या हिशोबात आली, आणि 'स्टोरेज सेव्हर' ठेवलं तर फोटो दाबून साठतो. ते तुमचं कपाट समजा, दप्तरखाना नाही. ॲपवर विसंबण्याचा धोका २९ जून २०२० ला दिसला. सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये 'कॅमस्कॅनर', 'शेअरइट' आणि 'झेंडर' होती. कागद स्कॅन करणं आणि फाइल हलवणं यासाठी अनेक विद्यार्थी हीच वापरत होते. मूळ फाइल कॉम्प्युटरवर आणि वेगळ्या डिस्कवर, अशा दोन प्रती हव्याच.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. मी वर म्हटलं, एक्झिफ जपा. तेच एक्झिफ एखाद्या हमालाला अडचणीत आणू शकतं. "इथे पाणी मिळत नाही" असं त्याने सांगितलं, तुम्ही फोटो काढला आणि मूळ फाइल कुणाला पाठवली, तर ठिकाण, वेळ आणि चेहरा मिळून तो नेमका कोण हे मुकादमाला कळतं. रोजावर काम करणाऱ्याला उद्यापासून येऊ नको म्हणायला कागद लागत नाही. व्हॉट्सॲप माहिती पुसतं हा तुमच्या मूळ फाइलसाठी दोष आहे, पण त्याच्यासाठी संरक्षण आहे. 'सिग्नल'मध्ये २०२० पासून चेहरा धूसर करायची सोय आहे, बाहेर जाणाऱ्या प्रतीसाठी ती वापरा. नावाची पाटी किंवा ओळखपत्र असेल तर धूसर करून भागवू नका, त्यावर सरळ काळी पट्टी मारा.

म्हणून प्रत्येक फोटोच्या दोन प्रती धरा: एक मूळ, कुलपात, हात न लावलेली. दुसरी दाखवायची, जिच्यातून माणूस ओळखू येणार नाही. हे दोन्ही एकाच ॲपमध्ये नीट होत नाही, आणि जे ॲप होतं म्हणतं त्याच्यापासून जपून राहा.

प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मग असं लिहिता येतं: "छायाचित्रे ओपन कॅमेरामध्ये घेतली. उजेड संपूर्ण चित्रावर समान बदलला, कोणताही भाग खोडला वा भरला नाही. छापलेल्या प्रतींतून चेहरे आणि स्थाननोंद काढली आहे. मूळ फाइल्स संशोधकाकडे सुरक्षित आहेत." चार ओळी आहेत, पण त्या खऱ्या ठरायच्या असतील तर पहिल्या दिवसापासून तसं वागावं लागतं. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री त्या लिहून भागत नाही.

या रविवारी एवढं करा. घराजवळच्या एखाद्या जुन्या पाटीचा फोटो फोनच्या कॅमेऱ्याने आणि ओपन कॅमेऱ्याने काढा. दोन्ही व्हॉट्सॲपवर साधे पाठवा, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळ्या फाइल्स कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी उघडा आणि त्यांचे तपशील वाचा. कोणतं ॲप चांगलं, हे मग मला विचारावं लागणार नाही.