जनुक मालक की सहकारी?

आज वॉल्टर गेरिंग यांच्या १९९८ सालच्या होमिओबॉक्सवरील पुस्तकाबद्दल बोलू. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे त्यातल्या प्रयोगांशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते शीर्षकाशी. तिथे या जनुकांना 'मास्टर कंट्रोल' म्हटलंय. मास्टर म्हणजे मालक. आता मालकी सांगितली की पुरावा मागायला हवा, नाही का?

होमिओबॉक्स म्हणजे डीएनएचा सुमारे १८० अक्षरांचा तुकडा. त्यापासून प्रथिनातला ६० अमिनो आम्लांचा भाग बनतो. हा भाग डीएनएला चिकटतो आणि त्यामुळे इतर जनुकं सुरू किंवा बंद होतात. माणसात आणि उंदरात यांपैकी हॉक्स गटाची ३९ जनुकं आहेत. ती चार पुंजक्यांत विभागलेली आहेत, कारण पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत मूळच्या एका पुंजक्याच्या प्रती होत गेल्या. पुंजक्यात जनुकांचा जो क्रम, साधारण त्याच क्रमानं डोक्याकडून शेपटीकडे त्यांचं कार्यक्षेत्र.

गेरिंग यांचा मुख्य पुरावा १९९५चा. पॅक्स-६ हे हॉक्स गटाबाहेरचं, पण होमिओबॉक्स असलेलं जनुक. उंदराचं हे जनुक त्यांच्या गटानं फळमाशीच्या पायात, पंखात चालू केलं. तिथे डोळा उगवला! पण कुणाचा? माशीचा, अनेक भिंगांचा. उंदराच्या डोळ्याचा आराखडा जनुकात असता, तर असं झालं असतं का? शिवाय त्याच साखळीतली 'खालची' काही जनुकं चालू केली तरी डोळा उगवतो, आणि तीच 'वरच्या' जनुकाला जागं करतात. हा कसला मालक, ज्याला नोकर उठवतात?

आता सस्तन प्राण्यांकडे या. २००३ मध्ये वेलिक आणि कापेची यांनी उंदरातली हॉक्स-१० गटाची तिन्ही जनुकं निकामी केली. कमरेच्या मणक्यांना फासळ्या फुटल्या. गटातलं एकच जनुक गेलं, तर बदल किरकोळ. म्हणजे काम वाटून घेतलेलं आहे.

आपल्या न्यायशास्त्रानं हे फार पूर्वी ओळखलं: कार्य एका कारणानं होत नाही, सगळी कारणसामग्री जुळावी लागते. बी आहे, पण माती-पाणी नसेल तर अंकुर कुठला? जनुक कारण आहे, हे आम्ही नाकारत नाही. एकटं कारण आहे, हे नाकारतो.

हा शब्दांचा खेळ नव्हे बरं का. माणसात पॅक्स-६ची एक प्रत बिघडली, तर डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा अपुरा राहतो किंवा बनतच नाही. पण एकाच घरात, तोच बिघाड असलेल्या दोघांची दृष्टी सारखी नसते. 'मालक बिघडला' असं आईबापांना सांगितलं, की ते नशीब म्हणून हात टेकतात. 'एक सहकारी कमी पडला' म्हटलं, की पुढचा प्रश्न सुचतो: बाकीची सामग्री काय करू शकेल? गेरिंग यांचं पुस्तक जरूर वाचा. शीर्षक मात्र तपासून घ्या.