हातातले जीपीएस आणि त्यातला नकाशा

ऑस्ट्रेलियात रानावनातून पायी भटकण्याला 'बुशवॉकिंग' म्हणतात. त्यासाठी हातात मावणारे जीपीएस घेताना चर्चा होते ती बॅटरी किती टिकते, उपग्रह किती पकडतो याची. नकाशा कोणता, हा प्रश्न मागे पडतो. खरे तर तोच आधी विचारायला हवा.

२०१९ साली आलेले गार्मिनचे ईट्रेक्स २२एक्स पाहू. वजन दीडशे ग्रॅमच्या आत. दोन पेन्सिल सेलवर २५ तास चालते, असे कंपनी सांगते. सेल वाटेत बदलता येतात, बटणे ओल्या हातांनीही दाबता येतात. चार दिवसांच्या चालीत याचे मोल मोठे. पण पडदा साधारण साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर! वर्गात मुलांना हे गणित जरूर घाला : १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, तर या पडद्यावर मुलूख किती दिसेल? जेमतेम ९०० बाय ११०० मीटर. पुढची खिंड पडद्याबाहेर. प्रमाण लहान केले तर खिंड दिसते, पण रेषांचा गुंता होतो. 'मी कुठे आहे' याचे उत्तर हे यंत्र छान देते, 'कुठून जाऊ' याचे नाही.

दुसरी उणीव शिकवण्याजोगी आहे. यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. दिशा कळते ती एकामागून एक नोंदलेल्या स्थानांवरून, म्हणजे चालत असतानाच. फाट्यावर थांबलात की बाणाचा भरवसा संपला, आणि गरज तर नेमकी तेव्हाच! त्याच मालिकेतल्या ३२एक्समध्ये होकायंत्र आणि हवेच्या दाबावरचा उंचीमापक आहे. जादा पैसे द्यायचेच तर यासाठी द्यावेत. (गळ्यात साधे होकायंत्र असेल तर तेही वाचतील.)

आता नकाशा. सिडनीच्या पश्चिमेचा ब्लू माउंटन्स हा वालुकाश्माच्या कड्यांचा प्रदेश. समोच्च रेषा १० मीटर अंतराने काढल्या असतील, तर दोन रेषांमधला ८ मीटरचा कडा त्या रेषांत उमटणारच नाही. पडून जीव जायला तेवढा पुरेसा आहे. कड्याची वेगळी खूण नकाशात आहे का, हे म्हणून आधी पाहावे. स्वयंसेवकांच्या ओपनस्ट्रीटमॅपवर पायवाटा बहुधा ताज्या असतात. भूरूपासाठी मात्र मी न्यू साउथ वेल्स सरकारचे नकाशेच निवडीन, ते विनामूल्य उतरवता येतात. अरुंद घळीत तर नकाशाही लंगडा पडतो. संदेश कड्यांवर आपटून लांबच्या वाटेने येतात आणि यंत्र आपल्याला भलत्याच काठावर उभे करते.

जुना कागदी नकाशा सोबत असेल तर त्याचे 'डेटम', म्हणजे मोजणीची संदर्भचौकट, तपासा. १९६६च्या आणि १९९४च्या ऑस्ट्रेलियन चौकटींत तेच आकडे सुमारे २०० मीटर अंतरावरच्या दोन जागा दाखवतात. १९९४ आणि २०२० यांच्यातला फरक १.८ मीटरचाच. तो खंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, त्याचा हा हिशेब. आपल्या जुन्या टोपोशीटही एव्हरेस्ट चौकटीत आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरते. तेव्हा सह्याद्रीत जाणाऱ्यांनीही यंत्रातली ही नोंद निघण्यापूर्वी पाहून घ्यावी.