दक्षिणेचे पारितोषिक आणि ‘तृतीय रत्न’

धर्म आणि राज्यसंस्था यांच्या फारकतीचा इतिहास सांगावयास बसले की आपले लेखक बहुधा युरोपापासून आरंभ करतात. पोप व राजे यांचे तंटे, अमेरिकेची राज्यघटना, फ्रान्सचा १९०५ चा कायदा अशी वाट चालत ते १९५० च्या आपल्या संविधानापाशी येऊन थांबतात. या वाटेत मराठी मुलूख लागतच नाही. वस्तुतः हा प्रश्न पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच उभा राहिला होता. तोही तत्त्वचर्चेच्या रूपाने नव्हे, तर रोख रुपयांच्या रूपाने, आणि थेट वाङ्मयाच्या दारात. जोतीराव फुले यांचे १८५५ चे ‘तृतीय रत्न’ हे नाटक या अंगाने वाचले गेले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम दक्षिणेची हकीकत सांगणे अवश्य आहे. श्रावण मासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी पाडला. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे हा प्रघात पेशव्यांनी पुण्यास चालविला. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारोंची गर्दी जमू लागली. विद्येचा मान मागे पडला आणि जातीचा हक्क पुढे आला. १८१८ त राज्य गेले, पण दक्षिणा गेली नाही. एल्फिन्स्टनसाहेबाने नव्या प्रजेचे मन दुखवू नये म्हणून ती बेताने चालू ठेवली आणि १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली तिलाही याच द्रव्याचा आधार झाला. ख्रिस्ती कंपनीने ब्राह्मणांस दक्षिणा द्यावी, यातील विनोद मिशनऱ्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिला नाही.

१८४९ मध्ये पुण्यातील काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की या रकमेतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस पारितोषिक म्हणून द्यावा. लोकहितवादी त्यांत होते. जोतीराव पाठीशी उभे राहिले. शहरात मोठे वादळ झाले. तरी १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी काम करू लागली. राजकोशातून धर्मकृत्याकडे जाणारा ओघ वाङ्मयाकडे वळविला गेला, ही लहान गोष्ट नव्हे. फ्रान्सने धर्मगुरूंचे सरकारी वेतन बंद केले त्याच्या अर्धशतक आधीची ही घटना आहे. अर्धशतकाचा हा मान मिरविण्याचा मोह आम्हांसही झाला होता. पण पुढे जे घडले ते वाचल्यावर तो उरला नाही.

‘तृतीय रत्न’ची कथा अगदी साधी आहे. एक गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा यांना एक जोशी ग्रहदशेचे भय घालतो. शांती, अनुष्ठान, ब्राह्मणभोजन यांत ते कुटुंब नागवले जाते. मग एक पाद्री त्यांचे डोळे उघडतो आणि शेवटी नवराबायको फुल्यांच्या शाळेत शिकावयास जाण्याचा निश्चय करतात. विदूषक मधूनमधून बोलतो. रचनेचे दोष झाकण्याचे कारण नाही. पाद्रीचा युक्तिवाद लांबतो, विदूषकाला कोठे थांबावे हे कळत नाही आणि अंक-प्रवेशांची नेटकी बांधणी शोधू जाता सापडत नाही. परंतु त्या काळी मराठी रंगभूमी म्हणजे विष्णुदास भावे यांच्या वळणाची आख्याने होती आणि त्यांतला विदूषक लोकांना हसविण्यापुरता होता. येथे तो साक्षीदार होतो. जोशाच्या मुखातून निघालेला शब्द आणि त्याच्या मनातला हिशेब यांतील अंतर तोच प्रेक्षकाला दाखवितो. स्वतंत्र मराठी नाटकाचा आरंभ कीर्तन्यांच्या १८६१ च्या ‘थोरले माधवराव पेशवे’पासून मोजणाऱ्या समीक्षकांनी या विदूषकापाशी थोडे थांबावयास हवे होते.

जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले आणि ते नाकारले गेले. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी लिहिले आहे की कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. ही एका पक्षाची साक्ष आहे हे खरे. पण नाटकाचा विषय आणि निधीचा उगम एकत्र ठेवून पाहा. दक्षिणेवर जगणाऱ्या वर्गाविरुद्धची फिर्याद दक्षिणेच्याच पैशाने चालणाऱ्या कचेरीत दाखल झाली होती. पैशाचे नाव बदलले, खाते बदलले; निवाडा करणारे मन मात्र जुन्या रमण्यातच बसून राहिले.

आमच्या मते फारकतीच्या इतिहासातील अवघड जागा हीच आहे. राज्याने धर्मातून हात काढून घेणे सोपे असते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्मात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन दिले, १८६३ च्या कायद्याने सरकार देवस्थानांच्या कारभारातून बाजूला झाले. परंतु कुणब्याच्या ओसरीवर बसलेला जोशी या तटस्थतेने जागचा हलला नाही. उलट, आता त्याला विचारणारे कोणी उरले नाही. नाटकाचा शेवट शाळेत होतो तो यासाठी. राज्याने जोशाला पैसा देऊ नये एवढ्यावर फुल्यांचे समाधान नव्हते. त्या बाईला अक्षर यावे, हे त्यांचे मागणे होते.

संविधानाच्या २७ व्या अनुच्छेदाने विशिष्ट धर्माच्या संवर्धनार्थ कर देण्याच्या सक्तीतून नागरिकाला मुक्त केले आणि २८ व्या अनुच्छेदाने पूर्णतः सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळांतून धर्मशिक्षण वगळले. दक्षिणा आणि शाळा हे फुल्यांचे दोन्ही विषय येथे शेजारी येऊन बसले आहेत. १९७६ मध्ये उद्देशिकेत एका शब्दाची भर पडली. आमच्या तिगावकडील मूल घरी मराठी बोलते आणि शाळेत हिंदी वाचते. त्याला हिंदी उद्देशिकेत ‘पंथनिरपेक्ष’ भेटते आणि मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. दोहोंत फरक काय, असे ते विचारते. आम्ही मास्तर लोक व्युत्पत्ती सांगून वेळ मारून नेतो. त्यापेक्षा वर्गात जोशी व कुणबीण यांचा संवाद वाचावयास द्यावा. परवा आम्ही तसे करून पाहिले. मुले विदूषकाच्या बोलण्यावर खळखळून हसली, आणि मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले की या नाटकाला बक्षीस मिळाले होते काय.

आम्ही तिला तारखा सांगितल्या. नाटक १८५५ चे. ते छापून लोकांसमोर आले १९७९ मध्ये.