‘पेपरबॉय’ आणि मोजणीत न येणारं अडखळणं

मुलांच्या गोष्टीत एखादं पात्र तोतरं बोलतं, हे लेखक कसं दाखवतो? ‘म-म-मला’ असं लिहितो. झालं काम! पण तोतरेपणा म्हणजे फक्त अक्षर पुन्हा पुन्हा येणं नाही. कधी आवाज लांबतो, कधी घशातच अडकतो आणि बाहेर काहीच येत नाही. ही शांतता कागदावर कशी उमटवायची?

व्हिन्स व्हॉटर स्वतः तोतरेपणा घेऊन वाढलेले. त्यांच्या ‘पेपरबॉय’ (२०१३) या कादंबरीचा काळ १९५९, गाव मेम्फिस. अकरा वर्षांचा मुलगा जुलै महिनाभर मित्राच्या बदली घरोघर पेपर टाकतो आणि ती हकिकत टाइपरायटरवर लिहितो. स्वल्पविराम मात्र वापरत नाही. बोलताना थांबावं लागतंच, मग कागदावर पुन्हा कशाला? आधी मला ही नुसती युक्ती वाटली. पण वाचता वाचता आपलाच श्वास अपुरा पडायला लागतो.

संशोधन करणाऱ्यांनी थांबावं अशी जागा पुढे आहे. हा मुलगा त्याच्या मित्राला, म्हणजे आर्टला, ‘रॅट’ म्हणतो, कारण ते उच्चारायला सोपं जातं. आता तुम्ही त्याचं बोलणं रेकॉर्ड केलंत आणि शंभर अक्षरांमागे किती वेळा अडखळला ते मोजलंत (ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे), तर या जागी शून्य येईल. आकडा बरोबर, आणि मुलाचं डोकं शब्द चुकवण्यात किती राबतंय ते त्यात कुठेच नाही! यारस आणि क्वेसल यांच्या ‘ओएसेस’ (२००६) या प्रश्नावलीची गरज इथे कळते. ती बोलणाऱ्यालाच विचारते, की तुला कसं जातं?

स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. म्हणून नायकाचं नाव आपल्याला अगदी उशिरा कळतं. ते मी इथे सांगणार नाही.

कादंबरी लंगडी पडते ती दुसरीकडे. घर सांभाळणारी कृष्णवर्णीय मॅम प्रेमळ आहे, धाडसी आहे, पण ती जवळजवळ सगळी या मुलासाठीच जगते. वर्णभेदाच्या त्या शहरात बसमध्ये कुठे बसायचं हेही तिला दुसरेच सांगणार, त्यावर तिच्या मनात काय चालतं ते आपल्याला फारसं कळत नाही. मुलाच्या न बोललेल्या शब्दांना लेखकाने जेवढी जागा दिली, तेवढी तिच्या गप्प राहण्याला द्यायला हवी होती.