तीन मिनिटांत न मावलेला अभंग

भक्तिसंगीताच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्या मंडळींत एक समज पक्का रुजलेला आहे. तबकडी जितकी जुनी, तितकी ती मूळ परंपरेच्या जवळची. जुन्या बाजारातल्या किमतीही बऱ्याचदा यावरच ठरतात. वारकरी भजनाच्या बाबतीत हा समज एकदा तपासून पाहायला हवा, असे मला वाटते. आणि तो तपासताना मला सर्वांत उपयोगी पडल्या त्या रोममधल्या तबकड्या.

ग्रेगोरियन गायन म्हणजे कॅथलिक चर्चमधले लॅटिन प्रार्थनांचे गायन. एकच स्वरावली सर्वांनी मिळून म्हणायची, तालाची मोजदाद नाही. पोप पहिला ग्रेगरी याच्या नावाने ही परंपरा ओळखली जाते. त्याच्या मृत्यूला तेराशे वर्षे झाली म्हणून एप्रिल १९०४ मध्ये रोमला मोठा मेळावा भरला आणि ग्रामोफोन कंपनीने तिथल्या गायनाच्या तबकड्या काढल्या. आदल्याच नोव्हेंबरात पोप दहावा पायस याने चर्चच्या संगीतात या गायनाला पुन्हा मानाचे स्थान देणारे फर्मान काढले होते. त्यामुळे ते ‘खरे’ कसे गायचे, हा वाद ऐन भरात होता. जोसेफ पोतिए आणि आंद्रे मोकरो हे दोघेही फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या तालमीतले. पण लय लिहून बांधावी की शब्दांच्या ओघावर सोडावी, यावर दोघांचे पटत नव्हते. या तबकड्यांवर दोघांनीही गायकांचे नेतृत्व केले आहे. शिवाय रोममधल्या इतर संचालकांची, अधिक नाट्यमय वळणाची मुद्रणेही त्याच संचात आहेत. मेळावा एक, कंपनी एक, समोर कर्णाही तसाच, तरी गाणे एकसारखे नाही. माझ्या लेखी त्या संचाचे मोल इथे आहे. परंपरेतले भांडण त्यात शाबूत राहिले आहे.

पुढे १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण आले. १९३० मध्ये सोलेमच्या भिक्षूंनी जोसेफ गाजार यांच्या नेतृत्वाखाली गायलेल्या तबकड्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने काढल्या. आवाज स्वच्छ, वळणे गोलाईदार, सगळे कसे शांत आणि तरंगते. जगभरच्या श्रोत्यांच्या कानात ग्रेगोरियन गायन म्हणून हेच बसले. या तबकड्या सुंदर आहेत, यात वाद नाही. पण एका मठाची, एका पिढीची गायकी तबकडीच्या जोरावर साऱ्या परंपरेची गायकी ठरली, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडे येऊ. आपली १९३० कोणती, असे कोणी विचारले तर मी १९३६ सांगेन. प्रभातचा ‘संत तुकाराम’. विष्णुपंत पागनीसांचा आवाज आणि केशवराव भोळ्यांचे संगीत. भोळे मूळचे अमरावतीचे, हे आम्हा वऱ्हाडकरांना सांगायला आवडते. या चित्रपटातले ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवल्यांनी लिहिले, आणि ते तुकोबांचाच अभंग समजून लोकांनी गाथेत शोधले, ही गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. ती बहुतेक वेळा आठवल्यांच्या कौतुकासाठी सांगितली जाते, आणि कौतुक योग्यच आहे. मला तिच्यात दुसरेही काही दिसते. गाथेत नसलेले पद गाथेतले वाटले, कारण अभंग कसा ऐकू यावा याचा नमुना तोवर एका आवाजात आणि एका मांडणीत ठरू लागला होता.

हा नमुना यंत्रानेही घडवला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे. वारकरी भजनातला अभंग असा चालत नाही. विणेकरी मध्ये, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, पखवाज. एकाने चरण उचलायचा, बाकीच्यांनी धृपद पुन्हा पुन्हा झेलायचे, चाल हळूहळू चढवायची. एक अभंग अर्धा तासही रंगतो. तबकडीसाठी यातले काय उरणार? एक गळा, पेटी, तबला, आटोपशीर तीन कडवी. कर्ण्याच्या काळात तर गायकाला कर्ण्यात तोंड खुपसून गावे लागे. पखवाजाचा खर्ज लाखेवर नीट उमटत नसे, आणि वीस टाळ एकदम वाजले तर ऐकण्यासारखे फारसे उरले नसते. कंपन्यांनी मुद्दाम काही दडपले, असे मी म्हणत नाही. त्यांना विकायला नावाजलेला गायक हवा होता. दिंडीला गायकाचे नाव नसते.

कौंडण्यपूरच्या संदर्भात हे प्रकर्षाने जाणवते. वर्धेकाठचे हे रुक्मिणीचे माहेर. इथून पंढरपूरला निघणारी रुक्मिणीची पालखी परंपरेनुसार १५९४ पासून चालत आली आहे. एवढ्या लांबच्या वाटेवर रोज जे भजन होते, त्याचा ठसा तबकड्यांच्या युगात शोधायला जावे तर हाती येतात पुण्या-मुंबईच्या नाट्य-चित्रपटसृष्टीतले आवाज. त्याच तिवसा तालुक्यातले मोझरी. तुकडोजी महाराजांच्या आवाजातली मुद्रणे आज ऐकायला मिळतात आणि त्यांतली खंजिरी, तो खडा वऱ्हाडी उच्चार यांना तोड नाही. पण महाराजांनी ज्यावर सर्वाधिक भर दिला ती सामुदायिक प्रार्थना. शेकडो गळ्यांचे एकसुरी म्हणणे हा तिचा प्राण आहे, आणि एकट्या गळ्याच्या मुद्रणातून तो कळत नाही. ग्रेगोरियन गायनाशी खरे नाते जुळते ते इथे.

म्हणून संग्राहकांकडे माझे मागणे थोडे निराळे आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ने तबकड्यांच्या नोंदीची शिस्त लावली. लेबलाजवळ लाखेत उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचून मुद्रणाचा काळ ठरवायचा. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत, म्हणून पट्टी ठरवताना सावध राहायचे. हे सारे हवेच. त्याच्या जोडीला प्रत्येक भक्तिगीताच्या नोंदीत आणखी दोन रकाने असावेत: साथीला धृपद झेलणारे किती, आणि चाल कुठली. दुसरा रकाना भरणे कठीण, कारण त्यासाठी तबकडी घेऊन गावातल्या जुन्या भजनी मंडळापुढे बसावे लागेल.

तिथे एक गंमत ऐकायला मिळते. ‘आधी बीज एकले’ भजनी मंडळांनी केव्हाच आपलेसे केले आहे. पागनीसांनी तबकडीच्या एका बाजूत आटोपलेले ते पद टाळकरी उचलतात, धृपदावर थांबतात, पुन्हा म्हणतात, पुन्हा चढवतात, आणि पखवाजवाला दमेपर्यंत सोडत नाहीत.