अपरिग्रहाची कसोटी : धर्मानंद कोसंबी यांचा चातुर्यामविचार

प्राचीन धर्मविचाराची आधुनिक जीवनाशी संगती लावण्याचे प्रयत्न बहुधा दोन प्रकारांनी होतात. एका प्रकारात धर्मातील प्रत्येक आचाराला विज्ञानाचा आधार शोधला जातो. दुसऱ्या प्रकारात आजच्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या धर्मात पूर्वीच दिलेली आहेत, असे सांगितले जाते. जैन धर्मासंबंधीच्या लेखनात हे दोन्ही प्रकार विपुल आढळतात. रात्रिभोजनाचा त्याग आरोग्यास हितकर आहे हे प्रतिपादन पहिल्या प्रकारचे, तर अनेकांतवाद म्हणजेच लोकशाही हे दुसऱ्या प्रकारचे. या दोहोंहून निराळी वाट मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या ग्रंथात चोखाळली. लेखकाच्या निधनानंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे मोल आणि त्याची मर्यादा ही दोन्ही आज नव्याने तपासण्याजोगी आहेत.

कोसंबी हे जन्माने जैन नव्हते. गोव्यातील साखवाळ या गावी १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि बौद्ध धर्माच्या जिज्ञासेने काशी, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश असा खडतर प्रवास करून त्यांनी पालीचे ज्ञान मिळविले. पुढे गुजरात विद्यापीठात पंडित सुखलालजी व मुनी जिनविजय यांसारख्या जैन विद्वानांचा सहवास त्यांना लाभला. बाहेरच्या माणसाची निःसंगता आणि मूळ ग्रंथांचा परिचय, असा दुर्मिळ योग त्यांच्या ठायी होता. म्हणूनच त्यांची श्रद्धा कोठेही स्तुतीत विरघळत नाही, आणि त्यांची चिकित्सा कोठेही उपहासाला उतरत नाही.

जैन परंपरेप्रमाणे पार्श्वनाथ हे महावीरांच्या पूर्वी सुमारे २५० वर्षे होऊन गेले. त्यांनी चार याम उपदेशिले, तर महावीरांनी ब्रह्मचर्याची स्वतंत्र गणना करून पाच महाव्रते सांगितली. या भेदाची चर्चा उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात केशी व गौतम यांच्या संवादाच्या रूपाने आली आहे. कोसंबींच्या मते अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह हे चार याम केवळ श्रमणाच्या मोक्षसाधनेपुरते नाहीत. समाजाची घडी बसविण्याचे सामर्थ्य त्यांत आहे. मात्र राजे आणि धनिक यांच्या आश्रयाला गेल्यामुळे जैन व बौद्ध या दोन्ही संघांनी ते सामर्थ्य गमावले. यामांना प्रज्ञेची जोड मिळाली आणि समाजवादाने त्यांचा स्वीकार केला, तरच त्यांना पुन्हा तेज येईल, हा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ होय.

अहिंसेला आहारापुरते संकुचित करण्याच्या वृत्तीशी कोसंबींचा मोठा संघर्ष झाला. प्राचीन श्रमणांच्या मांसाहारासंबंधी त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात जे लिहिले, त्यास जैन समाजातून तीव्र विरोध झाला. संबंधित आगमवचनांचा त्यांनी लावलेला अर्थ वादग्रस्त आहे, आणि परंपरेने दिलेला वनस्पतिवाचक अर्थ केवळ सोयीचा म्हणून दूर सारता येणार नाही. परंतु या वादामागचा प्रश्न शब्दार्थाहून मोठा आहे. आहार हाच अहिंसेचा एकमेव निकष ठरविला, तर कोकणच्या किनाऱ्यावरील बहुसंख्य माणसे या नीतीच्या कक्षेबाहेरच राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. शेती आणि समुद्र यांच्या आधाराने जगणाऱ्या या किनाऱ्यावर १८६६ मध्ये केशवसुतांचा जन्म झाला. ‘नवा शिपाई’ किंवा ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या त्यांच्या कवितांतील माणुसकीचा उगम कोणत्याही आहारनियमात नाही. तरीही मनुष्याने मनुष्यावर केलेल्या हिंसेचा निषेध त्यांत असंदिग्ध आहे. जैन आचारशास्त्र संकल्पपूर्वक केलेली हिंसा आणि शेती-उद्योगात अपरिहार्यपणे घडणारी हिंसा यांत भेद करते. सांगली, कोल्हापूर व बेळगाव या भागांतील जैन शेतकरी समाज याच भेदाच्या आधारे शेकडो वर्षे नांगर धरीत आला. मासेमारीला मात्र या सवलतीत स्थान नाही. तेव्हा मालगुंडच्या रहिवाशाला जैन विचार काही सांगू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या यामापेक्षा चौथ्या यामात शोधावे लागते. कोसंबींनी अपरिग्रहाला दिलेल्या महत्त्वाची यथार्थता येथे प्रत्ययास येते.

तथापि अपरिग्रहाची वाटही सरळ नाही. उपासकदशांग या आगमात वाणियग्रामच्या आनंद नामक गृहस्थाची कथा आहे. तो महावीरांपुढे परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतो. ठेवीत चार कोटी सुवर्णमुद्रा, व्यापारात चार कोटी, गृहोपयोगी संपत्तीत चार कोटी, ४०,००० गायी आणि ५०० नांगरांची जमीन, ही त्याची मर्यादा होय. परंतु ही मर्यादा म्हणजे त्याच्यापाशी त्या वेळी असलेली संपत्तीच आहे! व्रताने त्याचे काहीच कमी होत नाही. समतेच्या दृष्टीने पाहणाऱ्या आधुनिक वाचकाला हे व्रत म्हणजे श्रीमंतीला मिळालेली धर्ममान्यता वाटली, तर ते अस्वाभाविक नाही. चौथ्या यामातच ब्रह्मचर्याचा अंतर्भाव होतो, या मताच्या समर्थनार्थ टीकाकारांनी स्त्रीचा परिग्रह केल्यावाचून तिचा उपभोग घडत नाही, असे कारण दिले आहे. स्त्रीची गणना मालमत्तेत करणारी ही उपपत्ती आज कोणालाही मान्य होणार नाही. परंपरेतील अशा जागा झाकून तिची प्रस्तुतता सिद्ध होत नसते.

तरीसुद्धा आनंदाच्या कथेचा दुसरा अर्थ उरतोच. त्याचे धन घटत नसले, तरी त्याची वाढ थांबते. जे आहे ते पुरे, असे म्हणून तो वाढीवर स्वतःच सीमा घालतो. त्याच आगमात गृहस्थाला वर्ज्य अशा पंधरा व्यवसायांची यादी आहे. त्यांत वने तोडणे, रानास आग लावणे, सरोवरे व तळी आटविणे, विषाचा व हस्तिदंताचा व्यापार करणे, यांचा समावेश होतो. नफ्याच्या अमर्याद वृद्धीलाच प्रगती मानणाऱ्या युगात या यादीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जंगल, खाडी आणि किनारा यांवर ज्याची उपजीविका अवलंबून आहे, त्या कोकणी माणसाला अपरिग्रहाचा हा अर्थ आहारनियमापेक्षा कितीतरी जवळचा आहे.

कोसंबींच्या विचारातील उणीव येथेच जाणवते. अपरिग्रह समाजव्यापी करण्यासाठी त्यांनी समाजवादाकडे पाहिले. पण व्रत आणि कायदा यांतील अंतराचा त्यांच्या विवेचनात पुरेसा उलगडा होत नाही. व्रत हे स्वतः घेतलेले असते. सक्तीने घडविलेला त्याग हा न्याय असू शकेल, पण तो याम नव्हे. याउलट, केवळ व्रतावर विसंबलेला समाज आनंदाचे बारा कोटी अबाधित ठेवतो. १९५१ मध्ये सुरू झालेल्या विनोबांच्या भूदानयज्ञाने या दोन टोकांना सांधण्याचा यत्न केला. परंतु मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी निकृष्ट अथवा वादग्रस्त निघाली, हा अनुभव स्वेच्छेच्या मर्यादेचाच द्योतक आहे. कायद्याने किमान न्याय सिद्ध करावा आणि व्रताने त्यापुढील संयम, अशी विभागणी कोसंबींच्या भूमिकेतून निष्पन्न होऊ शकते. ती स्पष्टपणे मांडण्याचे काम पुढील अभ्यासकांसाठी शिल्लक राहिले.

कोसंबींच्या आयुष्याचा अंत या विचाराशी निगडित आहे. देह समाजाच्या उपयोगी पडत नाही असे वाटल्यावरून त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. सल्लेखनेशी साम्य असलेल्या या निर्णयाचे मूल्यमापन सोपे नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याला आत्महत्येच्या कोटीत गणले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. यावरून व्यक्तीचे व्रत आणि समाजाचा कायदा यांतील तिढा किती खोल आहे, ते दिसून येते. उपयोगिता संपली की जगण्याचे कारणही संपते, हा विचार मात्र वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या बाबतीत निष्ठुर ठरण्याचा संभव आहे, आणि अहिंसेच्याच निकषावर तो अपुरा पडतो.

चातुर्यामाची आजची प्रस्तुतता त्याच्या प्राचीनत्वात नाही, किंवा त्याच्या अनुयायांच्या संख्येतही नाही. ‘किती पुरे?’ हा प्रश्न तो प्रत्येकाला, आणि प्रथम ज्याच्यापाशी अधिक आहे त्याला, विचारतो. कोसंबींनी तो प्रश्न मंदिराच्या आवारातून समाजाच्या चव्हाट्यावर आणला. त्यांचे उत्तर अपुरे असले, तरी तो प्रश्न टाळून जैन विचाराची कोणतीही आधुनिक मीमांसा यापुढे पूर्ण होऊ शकणार नाही.