लिनक्स सोपं आहे, मग अडतं कुठे?

‘लिनक्स सामान्य माणसाला झेपेल का?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ब्राउझर, मेल, सिनेमे, पीडीएफ एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट तुमच्या आईबाबांनाही जमेल. अडतं ते दुसऱ्याची फाइल आली की. गाईडनी मंगल फॉन्टमध्ये पाठवलेलं प्रकरण लिबरऑफिसमध्ये उघडून बघा. मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो बसतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, पानं हलतात. (कॅलिब्रीला त्याच रुंदीचा कार्लिटो आहे, म्हणून इंग्रजी मजकूर बराच सावरतो. मराठीवाल्यांचं नशीब!)

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. त्यामागे राजकारणही होतं, पण बाहेरच्या वर्ड फाइल्स नीट उघडत नाहीत ही कुरकुर तिथेही होतीच.

म्हणून थिसिसच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याआधी गाईड दुरुस्त्या वर्डमध्ये करतात की कागदावर, एवढं विचारून घ्या. कागदावर करत असतील तर खुशाल टाका.